कडू तेल

तुळसा तेल घेताना दुकानदाराच्या तोंडाकडे कधी बघत नसे. तिची नजर त्याच्या हातावर. माप कुठून उचललं, डब्यात किती खोल बुडवलं, बाटलीत ओतताना अंगठा कुठे होता, हे सगळं बघून झालं की ती बाटली उजेडाकडे धरायची, बूच काढून हुंगायची, मनगटावर थेंब चोळून पुन्हा हुंगायची. एवढं करूनही घरी जाताना वाटभर तिला वाटत राहायचं, की मेल्याने फसवलंच. बिरवाडीच्या बाजारात ती येताना दिसली की दुकानदार एकमेकांना खुणावत.

थंडीत खोबरेल थिजलं की ती म्हणे, ह्यात रेशनचं पामतेल मिसळलंय. नाही थिजलं तर म्हणे, मग आणखी काहीतरी वाईट मिसळलंय. तिच्या नवऱ्याने, हैबतीने, एकदा विचारलं की बाई, मग त्या तेलाने करावं तरी काय? त्यावर आठवडाभर त्याला बिनफोडणीची आमटी खावी लागली. पुन्हा त्याने तेलाचा विषय काढला नाही.

आणि गंमत अशी, की सगळ्या जगाच्या तेलावर संशय घेणाऱ्या ह्या बाईचं पोट तेलावरच चालायचं. बिरवाडीच्या वर डोंगरात त्यांची वाडी. हैबती शेळ्या राखायचा, थोडी नाचणी पिकवायचा. तुळसा सकाळी डोंगर उतरून बिरवाडीत नाहीतर पुढे महाडात जायची आणि बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे बाप झाली तरी ती त्यांना रस्त्यात थांबवून पाठ सरळ आहे ना, हे बघायची. तिच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. तिच्या तोंडाबद्दलही लोक म्हणत, पण ते जाऊ द्या.

तिच्या लेखी प्रत्येक तेलाची जागा ठरलेली होती. बाळाला खोबरेल, तेही तिने स्वतः नारळ खवून, दूध आटवून काढलेलं. बाळंतिणीच्या कमरेला तिळाचं. जेवणात गोडं तेल, म्हणजे शेंगदाण्याचं. आणि कडू तेल, म्हणजे करंजाचं, त्याची जागा घराबाहेर. ते गोठ्याच्या खुंटीला टांगलेलं असायचं. गुराच्या जखमेत किडे पडले, शेळीला खरूज झाली, की कडू तेल. तो हात माती लावून धुतल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही, असा वाडीचा दंडक होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात दिल्लीकडे भेसळीच्या तेलाने माणसं मेल्याची बातमी आली. तुळसाने ती दुकानातल्या रेडिओवर अर्धीमुर्धी ऐकली. पाय सुजतात आणि मग माणूस जातं, एवढंच तिच्या कानावर पडलं. कुठलं तेल, कसली भेसळ, हे ऐकायला ती थांबली नाही. आयुष्यभर ती जे बोलत आली तेच आता रेडिओ बोलत होता, आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंच वाटलं.

नवरात्राच्या सुमाराला महाडच्या परवीनचा निरोप आला, की सून बाळंत झालीय, मुलगी झालीय, ये. परवीनचं घर तुळसाला जुनं. परवीनच्या मुलाला, मुदस्सरला, तिनेच लहानपणी पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. आता तो आखातात, दोह्याला नोकरीला होता. त्याची बायको उमैमा मुंब्र्याची, आई उत्तर प्रदेशातली. घरात सगळे महाडची बोली बोलत आणि ती हिंदी. सासूचं आणि तिचं भांडण नव्हतं, पण दोघी एकमेकींशी जपून बोलत. तुळसाच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

पहिल्याच सकाळी परवीनने मोरीच्या कोनाड्यातून एक बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. औषधाची जुनी काचेची बाटली, वर ना कागद ना नाव, बुचाला चिंधी गुंडाळलेली. परवीनने नाकाला ओढणी लावली होती. म्हणाली, "खोबरेल नको लावू हां. कडू तेल हाय ते. पोरीला त्येच लावायचं, असं सून म्हनते."

तुळसाचा हात तिथेच थांबला. कडू तेल, आणि चार दिवसांच्या जिवाला? तिने बूच काढलं. वास करंजाचा नव्हता, पण नाकात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. मग काय, करंजात आणखी काहीतरी मिसळलेलं असणार. कारखान्यातलं काहीतरी. बिरवाडीच्या हवेला तिथल्या कारखान्यांचा येतो तसलाच तो उग्र वास, असं तिला वाटलं. आणि एकदा वाटलं म्हटल्यावर तिला तसाच वास येऊ लागला.

तिने आत जाऊन उमैमाला आडून विचारलं, की तेल तुमच्याच सांगण्यावरून ना? उमैमा पडल्या पडल्या हसली, हां मावशी म्हणाली, अम्मीचं काहीतरी पुटपुटली. पण परवीन दारात उभी होती. सासूसमोर सून दुसरं काय बोलणार, असं तुळसाने मनाशी धरलं. मग उमैमाच्या पायांना तेल लावायला घेतलं. पाय सुजलेले होते.

बाळंतिणीच्या पायाला सूज तिने ह्याआधी पाहिली नव्हती असं नाही. दर दुसऱ्या बाईला असते. पण रेडिओ डोक्यात बसलेला. परक्या घरची सून, झाली मुलगी, नवरा परदेशात, आणि सासूच्या हातात बिननावाची बाटली. तुळसाने एकाला एक जोडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. इतक्या वर्षांची ओळख, मुदस्सरच्या वेळी मिळालेली साडी, ईदेला न चुकता येणारा शिरखुर्मा, सगळं त्या चित्रामागे झाकलं गेलं.

घरी तिने हैबतीला सांगितलं. तो म्हणाला, ते घर सोड, आपल्याला काय करायचंय. तुळसा म्हणाली की मी सोडलं तर उद्या दुसरी कोणी येईल आणि सांगतील तसं चोळेल. पोर हातची जाईल. रात्रभर ती कूस बदलत राहिली. भीती खोटी होती, पण उडालेली झोप खरी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपलं खोबरेल पिशवीत आणायला सुरुवात केली. परवीनच्या देखत ती त्या बाटलीतलं तेल वाटीत ओतून घ्यायची, मोरीचं दार लोटायची, वाटी पाणी जायच्या भोकात उपडी करायची आणि वर कढत पाणी सोडायची. मग पोरीला पायांवर आडवी घेऊन खोबरेलाने चोळायची. पोर मजेत हातपाय झाडायची. बाटली रोज उतरत गेली. तुळसाला वाटायचं, संपू दे एकदा, मग सुटले. परवीन चहा पुढे करायची तर ती पोट ठीक नसल्याचं सांगायची. परवीन एकदा म्हणालीही, की काय गो, आमच्या घरचा चहा कडू लागायला लागला काय? तुळसाने त्या थट्टेतही अर्थ शोधला.

पंधरवडा असाच गेला असेल. रोज पोर धुरी देऊन आत जायची; एके सकाळी धुरी राहिली आणि न्हाऊ घालून तिने पोर तशीच उमैमाच्या हातात दिली. उमैमाच्या पायांची सूज एव्हाना उतरली होती, ती उठून बसत होती. तिने पोरीच्या टाळूवर नाक टेकलं. मग मानेपाशी. मग पोरीचं झबलं वर करून पोटाला. तिचा चेहरा बदलत गेला. म्हणाली, "इसको तो खोपरे की बास आती है."

उमैमाने बाटली मागितली. परवीनने आणून दिली तेव्हा तळाशी जेमतेम चमचाभर उरलं होतं. परवीनने तुळसाची पिशवी उचलली आणि आतून खोबरेलाची बाटली निघाली. मग परवीनचा आवाज चढला. रोज इथलं तेल ओतून घेतेस, लावतेस दुसरंच, मग ते जातं कुठे, विकतेस की काय, असं तिने तोंडावर विचारलं. पोराला वाढवणारी बाई म्हणून तुझ्यावर डोळे मिटून सगळं टाकलं, असंही म्हणाली.

चोर म्हटल्यावर तुळसाचा ताबा सुटला. एवढ्या दिवसांचं सगळं बाहेर आलं.

"गुरांच्या जखमेचं तेल पोरीला चोळाया सांगता, आनि मलाच चोर म्हनता?" ती म्हणाली. "मी ओतलं त्ये मोरीत. रोज ओतलं. पोर जित्ती हाय ती माज्यामुळं हाय."

परवीनला आधी काही समजेचना. मग ती मटकन खाली बसली. "अगो येडे," ती हळूच म्हणाली, "करंजेल न्हवं त्ये. सुनेकडची लोकं ह्याला कडवा तेल म्हनतात, म्हनून मी कडू म्हटलं. मोहरीचं हाय. खातात त्ये. तिच्या मायनं पोरीसाठी गावाकडनं काढून आनलं होतं."

मोहरीचं. फोडणीत चिमूटभर टाकायच्या मोहरीचं कोणी बाटलीभर तेल काढत असेल, हे तुळसाच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आता दुकानातून दुसरं आणू, असं काहीतरी ती बोलू लागली, तर परवीनने मान हलवली. दिल्लीची भेसळ मोहरीच्याच तेलात निघाली होती, तेव्हापासून ते दुकानांतून गायब झालं होतं. आणि मिळालं असतं तरी उपयोग नव्हता. उमैमाची आई श्रावणात वारली होती. नात व्हायच्या आधी. ही बाटली तेवढी तिने आधीच पाठवून दिली होती.

हे तुळसाला कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही, सासू-सुनेचं सगळं निरखणाऱ्या बाईने, बाळंतपणाला माहेरचं माणूस का दिसत नाही, एवढं साधं विचारलं नव्हतं.

उमैमा रडली नाही. तिने पोर सासूकडे दिली, भिंतीला धरत मोरीत गेली आणि उकिडवी बसून पाणी जायच्या भोकाशी वाकली. तिथे साबणाचा आणि ओल्या दगडाचा वास असणार, दुसरा कसला असणार? तरी ती बराच वेळ तशीच होती. तुळसाला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. ती नुसती दाराशी उभी राहिली.

परवीनने तिला काढून टाकलं नाही. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत येत जा, एवढंच म्हणाली. तुळसा जात राहिली. फरक इतकाच, की आता मोरीचं दार उघडं असायचं आणि उमैमा समोर पाटावर बसायची. पोरीकडे नाही, तुळसाच्या हातांकडे बघत. सरावलेले हात, पण त्या नजरेखाली तिचा अंगठा चुकायचा, वाटी कलंडायची. एकदा पोर हातातून निसटता निसटता राहिली.

बिरवाडीत कारखान्यात कामाला असलेली बिहारकडची माणसं खोल्या करून राहायची. त्या खोल्यांवरून जाताना तुळसा नेहमी नाकाला पदर लावायची. आता ती मुद्दाम तिथे गेली आणि एकेका दाराशी थांबून कडवा तेल आहे का, म्हणून विचारत फिरली. आधी कोणी दाद देईना. सरकारी माणसं तेल तपासत फिरताहेत असं त्यांनी ऐकलं होतं, त्यांना ही बाईच संशयाची वाटली. शेवटी एकीने तान्ह्या पोरीसाठी हवंय म्हटल्यावर तिच्याजवळचं थोडं छोट्या बाटलीत ओतून दिलं. गावाहून आणलेलं, घाण्याचं आहे म्हणाली. तुळसाने वाटेत बाटली उघडून हुंगली नाही असं नाही. दोनदा हुंगली. तोच झोंबरा वास, डोळ्यांत पाणी आणणारा. ह्या वेळी तिला तो वाईट वाटला नाही.

उमैमा पाटावर बसली होती. तुळसाने बाटली तिच्यापुढे धरली आणि कुठून आणली ते सांगितलं. "आईचं नाय हाय त्ये, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पन तसंच हाय गो."

उमैमाने बाटली घेतली. उजेडाकडे धरली. बूच काढून वास घेतला, आणि क्षणभर तिचे डोळे मिटले. तुळसाला वाटलं, झालं, आता निवळेल. तिने पोरीला पायांवर घेतलं आणि तळवा पुढे केला.

पण उमैमाने तेल तिच्या तळव्यावर ओतलं नाही. तिने आतून चमचा मागवला, तो काठोकाठ भरला आणि तुळसाच्या ओठांपाशी नेला.

"पहले तुम पियो, मावशी."

आवाजात राग नव्हता. असता तर तुळसाला बरं वाटलं असतं. तिने परवीनकडे पाहिलं. परवीन चमचा देऊन तिथेच उभी होती, ती खाली बघू लागली. तुळसाने तोंड उघडलं आणि तेल गिळलं. घशापासून नाकापर्यंत आग झाली, डोळे वाहू लागले, पण ती पुसायला हात उचलेना, कारण हात पोरीखाली होते.

मग तिने पुन्हा तळवा पुढे केला. उमैमाने बाटलीला बूच लावलं, वाकून तिच्या पायांवरची पोर उचलून घेतली आणि छातीशी धरली.

"अभी नहीं," ती म्हणाली. "थोडी देर बैठो. देखते हैं."

तुळसा रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उमैमा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.