बाजूला द्या

आमच्या सोसायटीत पार्सलं चोरीला जात होती, हे मी आधीच मान्य करून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई उगाच आकांडतांडव करते आहे. चौथ्या मजल्यावरच्या मुलीचे बूट गेले. मग एका घरातल्या तान्ह्या बाळाची दुपटी गेली, तीही दारासमोरच्या चपलांच्या कपाटावरून. त्या दोन चोऱ्या कुणी केल्या, ते आजही कुणाला ठाऊक नाही. तिसरी चोरी माझ्या दारातली. ती झालीच नव्हती, पण तिचा बोभाटा मीच सगळ्यात जास्त केला.

मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत येते. घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे माझं प्रत्येक पार्सल कुलपासमोर येऊन उभं राहतं. अशा वेळी काय करायचं, याचं आमच्याकडे एकच उत्तर आहे: बाजूला द्यायचं. किल्ली, कुरिअर, हळदीकुंकवाचं वाण, सगळं बाजूला. बाजूला म्हणजे शेजारी. माझ्या बाजूला एक निवृत्त मास्तर राहतात. माझी पार्सलं त्यांच्या सोफ्यावर त्यांच्या पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ बसतात.

त्या मंगळवारी मिक्सरचं चटणीचं भांडं यायचं होतं. दुपारी बाराला फोन वाजला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत नमुन्यांच्या बाटल्या होत्या. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. "मॅडम, दरवाजा बंद आहे," पलीकडून आवाज आला. "बाजूला द्या," असं म्हणून मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

संध्याकाळी मास्तरांची बेल वाजवली. "माझ्याकडे कोणीही आलेलं नाही," मास्तर म्हणाले. "मी सबंध दुपार जागाच होतो." मास्तर दुपारी झोपतात, हे त्यांच्या घोरण्यावरून आख्ख्या विंगला माहीत आहे. मी चपलांचं कपाट हलवून पाहिलं, जिना पाहिला, गच्चीच्या दारापर्यंत जाऊन आले. खाली वॉचमनने कानावर हात ठेवले. मग माझं डोकं फिरलं.

मला राग आला की माझं मराठी एकदम सरकारी होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं: "आज माझे पार्सल दारातून चोरीस गेले आहे. दुपारच्या वेळी मजल्यावर कोण कोण असते, याचा कमिटीने विचार करावा." पाठवलं, आणि चहा टाकला. सांगायला लाज वाटते, पण तो चहा मला फार छान लागला.

दुपारी आमच्या मजल्यावर कोण कोण असतं? चार घरं. दोन घरांना कुलूप, एका घरात मास्तर घोरत असतात, एका घरात नवी सून कानात हेडफोन घालून ऑफिसचं काम करत असते. आणि असतात मावशी. मावशी सकाळी सातला माझ्याकडे येतात, तिथून दुसऱ्या मजल्यावरची दोन घरं करून बाराच्या सुमाराला मास्तरांकडे भांडी घासायला परत वर येतात. अकरा वर्षं असंच चाललेलं. हे सगळं मला लिहिताना माहीत होतं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तेवढी हुशारी राग आला तरी माझ्यात शिल्लक असते.

बुधवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये कागद चिकटला. घरकाम करणाऱ्या सर्व बायकांच्या पिशव्या येता-जाता गेटवर तपासण्यात येतील, तसंच रविवारच्या सभेत हा नियम कायम करण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही. मी तो कागद वाचला आणि लिफ्टमधून उतरून घरी गेले. मला काही खटकलं नाही, असं म्हणणार नाही. पण मी गप्प बसले हे खरं.

गुरुवारी सात वाजून गेले तरी मावशी वर आल्या नाहीत. मी ऑफिसला निघाले तर त्या गेटवर उभ्या. पिशवी छातीशी धरलेली. वॉचमन बिचारा खाली मान घालून उभा होता. त्या पिशवीत काय असतं ते मला पाठ होतं: भाकरी आणि सुकटीचा डबा, काम करताना साडी भिजते म्हणून एक कोरडी साडी, गुडघ्याला लावायचं तेल.

"मावशी, दाखवून टाका ना," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं तर काम आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "नाय दाखवाची मना," त्या म्हणाल्या. "या बिल्डिंगच्या जागंवर आमचं भाताचं श्यात व्हतं. हितं लहानपनी मी चिंबोऱ्या पकडलेल्या. आन आता हितंच पिशवी उघडून दावू, मी चोर नाय म्हनून?"

आणि त्या गेल्या. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांचं जुनं गाव आहे, तिथल्या गल्लीत वळल्या. त्यांची चारही घरं आमच्याच बिल्डिंगमधली. रविवारी नियम कायम झाला की चारही घरं एका दिवसात जाणार, आणि वर बोभाटा असा होणार की पिशवी दाखवली नाही, म्हणजे पाणी मुरतंय. मग आजूबाजूच्या कुठल्या सोसायटीत त्यांना कुणी दारात उभं केलं असतं?

शनिवारी मला सुट्टी होती. वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपतंय म्हणून प्लंबर आला आणि त्याने माझ्या दाराशेजारचं डक्टचं फळकुट उघडलं. पाण्याचे पाइप जातात ती उभी पोकळी. वर्षातून एकदा कुणी उघडलं तर उघडतं. "ताई, हे तुमचं का बघा," तो म्हणाला. पाइपांच्या मध्ये, कोळिष्टकात, माझं पार्सल बसलेलं.

मी त्या डिलिव्हरीवाल्याचा नंबर शोधून फोन लावला. माणूस वयाने मोठा असावा, आवाजावरून तरी तसं वाटलं. "तुम्हीच बोललात ना मॅडम, बाजूला ठेवा म्हणून," तो म्हणाला. "दरवाजाच्या बाजूला ते फळकुट होतं, त्याच्या आत ठेवलं. बाहेर ठेवलं असतं तर कोणीतरी उचललं असतं. आजकाल खूप चोऱ्या होतात. फोटो पण टाकलेला मी, तुम्ही बघितला नाय काय?"

फोटो होता. मंगळवारी बारा वाजून सात मिनिटांनी आलेला, काळोखातल्या पाइपांचा, मी न उघडलेला. मी 'द्या' म्हटलं होतं, त्याने 'ठेवा' ऐकलं. बाजूला म्हणजे शेजारी, आणि बाजूला म्हणजे कडेला. एवढ्या एका शब्दात माझं मिक्सरचं भांडं चार दिवस अडकून राहिलं. त्या माणसाने चोरापासून माझी वस्तू वाचवली होती. जीव भांड्यात पडावा अशी ही गोष्ट, भांडं तर माझ्या हातातच होतं. पण जीव काही पडेना.

तशीच सेक्रेटरींकडे गेले. हे गृहस्थ एरवी चांगले, लिफ्ट बंद पडली तर स्वतः जिना चढून निरोप देतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. "चला, सापडलं ना? बेस्ट. आता ग्रुपवर काही टाकू नका मॅडम. तुमचंच हसं होईल. आणि नियम तर पाहिजेच, बाकीची दोन पार्सलं गेलीच आहेत ना?"

"त्या दोन पार्सलांचा आणि मावशींच्या पिशवीचा काय संबंध?"

"संबंध तुम्हीच लावलात," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त कागद लावला."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. जिन्यात उभं राहूनच मी ग्रुपवर लिहिलं, आणि या वेळी सरकारी भाषेत नाही: "माझं पार्सल चोरीला गेलं नव्हतं. ते माझ्या दाराशेजारच्या डक्टमध्ये होतं आणि त्याचा फोटो माझ्याच फोनमध्ये होता. मी न बघता आरोप केला. चूक माझी आहे. पिशव्या तपासायचा नियम माझ्यामुळे आला, तो मी उद्या मोडून काढणार आहे." खाली दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला, आणि कुणीतरी लिहिलं, "तरी सावधगिरी बरी." मी फोन पालथा ठेवला.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. विषय निघाल्याबरोबर मी उठले आणि माझी पर्स सेक्रेटरींच्या टेबलावर उपडी केली. रुमाल, पास, ॲसिडिटीच्या गोळ्या, अर्धा खाल्लेला चिक्कीचा तुकडा, सगळं त्यांच्या कागदांवर पसरलं. "तपासा," मी म्हटलं. "त्या मजल्यावर मीही राहते. उद्यापासून गेटवर पहिली माझी पर्स, मग तुमची बॅग, मग तुमच्या सौभाग्यवतींची, मग बाकी सगळ्यांची. चालणार असेल तर हात वर करा."

लोक हसायला लागले. मी हसले नाही. मागून मास्तर उठले, हळूहळू पुढे आले आणि त्यांनी भाजीची पिशवी माझ्या पर्सशेजारी ठेवली. "आणि आणखी एक," ते म्हणाले. "त्या दुपारी मी झोपलो होतो. बेल वाजली असती तरी मला ऐकू आली नसती." एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. मास्तरांना असं चारचौघांत बोलणं किती जड गेलं असेल ते मला समजलं.

मग चर्चा झाली ती पार्सलांची, जी आधीच व्हायला हवी होती. गेटपाशी कुलपाचं लोखंडी कपाट ठेवायचं, वॉचमनने वहीत लिहून पार्सल आत ठेवायचं, घरच्या माणसाने सही करून न्यायचं. डक्टच्या फळकुटांना कड्या लावायच्या. सेक्रेटरींनी सभेच्या वहीत लिहिलं, 'पिशव्या तपासण्याचा नियम स्थगित'. मी म्हटलं, "रद्द लिहा." ते म्हणाले, "मॅडम, अर्थ एकच." मी म्हटलं, "एकच असेल तर रद्द लिहायला काय हरकत आहे?" लोक घड्याळं बघत होते. मी टेबलाशी तशीच उभी राहिले. त्यांनी 'स्थगित' खोडलं आणि 'रद्द' लिहिलं. लिफ्टमधला कागद मी स्वतः फाडला.

सभा संपल्यावर मी पहिल्यांदा मावशींच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं: फळकुट, फोटो, सभा, रद्द. जरा फुशारकीनेच सांगितलं असणार. मी म्हटलं, "उद्या सातला या."

त्यांनी सुकटीतला कचरा काढून बाजूच्या कागदावर टाकला. "तो मेसेज वाचून दावा," त्या म्हणाल्या.

"हो, हा बघा, मी लिहिलंय की चूक माझी..."

"त्यो नाय. पयला."

मला सुटका दिसेना. मी मंगळवारचा मेसेज काढला आणि वाचला. माझं ते सरकारी मराठी त्यांच्या अंगणात मोठ्याने वाचताना आणखीच सरकारी वाटलं. दुपारच्या वेळी मजल्यावर कोण कोण असते.

"म्हंजे मीच की," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ते सेक्रेटरी मना वळखतबी नाय. तुमी वळखता." थोडा वेळ त्या निवडत राहिल्या. "बाकीच्या तीन घरी येते उद्यापासून. तुमच्याकडं नाय यायची."

मी म्हटलं, "मावशी, मी सगळ्यांसमोर..."

"तुमी चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पन मी नाय यायची."

मला तिथेच रडू आलं, आणि त्याच वेळी त्यांचा अभिमानही वाटला. या बाईने गेटवर पिशवी उघडली नाही, आणि माझं पुण्यकर्म पाहून दारही उघडलं नाही. मला माफ करणं त्यांना सोपं गेलं असतं, आणि मलाही. त्यांनी ते केलं नाही.

आता सकाळी सातला मी माझी भांडी घासते. दुसरी बाई ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही. कधी मावशी जिन्यात भेटतात. मी म्हणते, "बऱ्या आहात ना?" त्या म्हणतात, "हाव, बरी हाय," आणि पिशवी खांद्याला लावून वर जातात.