उकळलेलं पाणी

सोनागिरीला लागून असलेल्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीत मी पाणी तपासायची नोकरी केली. तोंडाने फटकळ होते, पण कामात कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही, हे आजही ताठ मानेने सांगते.

त्या हिवाळ्यात नाल्याच्या वरच्या अंगाला गव्हाला युरिया पडला आणि पाठोपाठ मावठा आला. खत वाहून नाल्यात, नाल्यातून झिरपून आमच्या बोअरमध्ये. पाणी दिसायला स्वच्छ, पण तपासणीत नायट्रेट भलतंच निघालं. साहेबांशी भांडून मी बोअर बंद करवले, तलावाच्या पाण्याचे टँकर मागवले. असल्या पाण्यानं बाटलीच्या दुधावरच्या बाळांच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो. हातपंपसुद्धा वापरू नका, असं घरोघर सांगत फिरले.

शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला पुण्याहून आलेली. बाळ वरच्या दुधावर, आणि त्याची नखं निळसर दिसत होती.

"थंडीनं होतं गं," काकू म्हणाल्या. "आणि टँकरचं पाणी का बाळाला द्यायचं? मी हातपंपाचं आणते, निम्मं होईस्तोवर उकळते. चार पोरं वाढवलीत मी, तू मला शिकवतेस?"

माझं डोकंच फिरलं. उकळून जंतू मरतात, खत कुठे मरतं? पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. पण बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ प्रयोगशाळेतून तपासणीचं औषध आणलं, नायट्रेट जितकं जास्त तितकं पाणी गडद गुलाबी करणारं, आणि त्यांच्याच ओट्यावर दोन पेले मांडले. कच्चं पाणी गुलाबी झालं. उकळलेलं त्याहून कितीतरी गडद.

काकूंनी पातेलं मोरीत उपडं केलं, बाळाला शालीत गुंडाळलं आणि लेकीला घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात निघाल्या. रिक्षाभर माझा हात घट्ट धरून होत्या. मीही मनातून पार घाबरले होते.

बाळ सावरलं. लांबलेलं बारसं झालं तेव्हा सख्खी आत्या पुण्याहून आली होती. तरी काकूंनी मलाच पुढे ओढलं. "कानात नाव ही सांगेल." आत्या हसून बाजूला झाली. मी पाळण्यात वाकून नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे बायकांचे धपाटे माझ्या पाठीत पडले. सगळ्यात जोराचा काकूंचा होता.