उरलेलं पान

सरांनी टेबलावर तीन पत्ते पालथे मांडले. त्यात एक बदाम राणी होती. तीन मुलींनी एकेक पत्ता उचलायचा होता. तिसरीने उरलेला पत्ता घेताना तोंड पाडलं, तेव्हा सर म्हणाले, "रुसू नकोस. पहिली असो की शेवटची, शक्यता एक तृतीयांशच." आणि त्यांनी ते फळ्यावर सिद्ध करून दाखवलं.

ते पडलेलं तोंड मला ओळखीचं होतं. शहरात शिकायला एकीलाच पाठवता येईल, असं बाबा म्हणाले, तेव्हा आमच्या घरीही अशीच तीन पानं मांडली होती. अक्का स्वयंपाकघरातून येईपर्यंत मी आणि धाकटीने आपापलं पान उचललं होतं. राणी मला आली. धाकटी रडली आणि विसरली. अक्का घरीच राहिली. "मला उरलेलं दिलंत," हे मात्र ती अजून म्हणते.

नुसत्या योगायोगात वाईट वागणारं कुणीच नसतं. मला वाटलं, हे कळलं की तिला बरं वाटेल. सुट्टीत गेले तेव्हा वहीत मांडून दाखवलं. "अक्का, तू आधी आली असतीस तरी शक्यता तेवढीच होती."

तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"मला वाटायचं, शेवटची भाकरी थापत बसले नसते तर गेले असते," ती म्हणाली. "तेवढंच होतं गं माझ्याकडे. आता बोल कुणाला लावू?"