कापडाखाली उमललेलं फूल

सखारामभाऊ गेल्याचं मला सावेडीच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. आमच्या सार्वजनिक बागेत तीस वर्षं माळीकाम केलेला हा माझा मित्र, आणि त्याच्या जाण्याची बातमी मला बाग समितीच्या अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोखाली वाचावी लागली. भाऊंच्या बाजूला फ्लेक्सवर माणसाच्या उंचीचं एक जांभळट फूल होतं. ते आमच्या बागेतलं नव्हतंच. कुठल्यातरी परदेशी बागेतलं, मोबाईलवरून उचललेलं. आमचं फूल उमललेलं कोणी पाहिलंच नाही, तर फोटो कुठून आणणार? ते का पाहिलं नाही, यावर भाऊ जाऊन महिना झाला तरी सगळ्यांची तोंडं शिवलेली, फक्त मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं चाललीयत. म्हणून हे लिहितोय. कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

भाऊ राजूरकडच्या डोंगरातले. तिकडे पावसाच्या तोंडाला शेवळं ही रानभाजी उगवते, ती काकडाची आंबट फळं घालून रांधली नाही तर घसा खाजतो, हे मला, जीवशास्त्राच्या मास्तराला, त्यांनी शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी एक अभ्यासक शेवळं बघायला आला होता. भाऊंनी त्याला दोन दिवस डोंगर हिंडवला, आणि जाताना त्याने नारळाएवढा एक कंद भाऊंच्या हातावर ठेवला. शेवळाच्याच कुळातला, पण दूरदेशीचा राक्षस. पहिलं फूल यायलाच सात-आठ वर्षं लागतात, उमललं की त्याला सडक्या मांसासारखा वास सुटतो, आणि ते टिकतं जेमतेम दोन दिवस. नगरच्या कोरड्या हवेत त्याने जगायचं काही कारण नव्हतं. भाऊंनी बागेच्या कोपऱ्यात हिरव्या जाळीची खोली उभी केली, चारी बाजूंनी गोणपाटं टांगली आणि उन्हाळाभर ती भिजवत राहिले. मधूनमधून पान सुकून कुंडी मोकळी दिसायची. मग अध्यक्ष म्हणायचे, "मेलंय ते, शेवंती लावा." भाऊ "व्हय साहेब" म्हणायचे आणि कुंडीभोवती बोराटीच्या काट्या रोवायचे. त्यांच्या या "व्हय साहेब"चा मला संताप यायचा. "भांडा की एकदा तरी!" मी ओरडायचो. "भांडून पानी मिळतंय का सर?" असं म्हणून ते पाइप जोडायला जायचे.

यंदा कळी आली. रोज चार-चार बोटं वाढत ती माझ्या खांद्याला लागली, आणि मग समितीला जाग आली. अध्यक्षांनी काय ठरवावं? अनावरण! पुतळ्याचं करतात तसं. पांढरं कापड, लाल दोरी, प्रमुख पाहुणे, छापील पत्रिका. पत्रिकेत तळाला एक ओळ माझीही होती, फुलाविषयी शास्त्रीय माहिती देणार म्हणून. बांबूचा सांगाडा करून कळीवर कापड टाकलं, आणि पाहुण्यांनी कार्यक्रम दोन दिवस पुढे ढकलला. आपल्याकडे पुतळे वर्ष-वर्ष कापडात गुंडाळून थांबतात. फूलही थांबेल, असं या शहाण्यांना मनापासून वाटलं.

त्याच संध्याकाळी पाच वाजता भाऊंचा फोन आला. "सर, उमललं! मेलेल्या ढोरावानी वास सुटलाय. लौकर या."

"कापड काढलं?"

"न्हाई. साहेबांस्नी तुमी सांगा. त्ये फूल हाय, मानूस न्हाई थांबाया."

"बघतो... येतो," मी म्हणालो. दहा मिनिटांचा रस्ता, स्कूटर दारात. मी गेलो नाही, अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "फूल काय पळून जातंय का सर? परवा अकराला पाहुणे येतायत. आणि बागेत उंदीर मेलाय वाटतं, फिनेल टाकायला सांगितलंय." मी मुकाट्याने भाषण लिहायला बसलो. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. पत्रिकेवरचं स्वतःचं नाव मला सोडवत नव्हतं, दुसरं काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अकराचे साडेबारा झाले. दोरी ओढली. आत मान मोडलेलं, काळं पडलेलं, लिबलिबीत काहीतरी होतं. पाहुणे म्हणाले, "सुरणाची भाजीच झाली की!" सगळे हसले. मीही हसलो. भाऊंना शाल आणि नारळ दिला, ते त्यांनी वाकून घेतलं. पुढे दोन महिने ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत राहिले, आणि एका सकाळी छातीत कळ येऊन गेले.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. एकच गोष्ट विचारायची होती. जाळीची किल्ली भाऊंकडेच असायची, तर कापडाचा एखादा कोपरा उचलून त्यांनी फूल पाहिलं असेल ना? वहिनींनी हो म्हणावं म्हणून मी आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"न्हाई बघितलं," त्या म्हणाल्या. "मी बी म्हनले, तुमच्या हातचं हाय, घ्या बघून. तर म्हनले, नऊ वर्सं सर अन् मी मिळून वाट बघितली, त्ये येतो म्हनलेत, त्यांच्या आदी कसं बघू? दोन स्टुलं मांडून अंधार पडस्तवर तितंच बसले हुते, कापडाकडं तोंड करून."

त्या वेळी मी घरात पंख्याखाली बसून "उपस्थित मान्यवर" या शब्दांखाली रेघ मारत होतो.

स्टुलं अजून जाळीतच आहेत, असं वहिनी म्हणाल्या. मी अजून तिकडे गेलेलो नाही.