फुफींच्या गाण्याचा इंट्रो

माझा इंट्रो अर्धा झाला होता आणि तिकडे फुफींचं पहिलं कडवं संपत आलं होतं.

मी हात थांबवला. सतीशनं कीबोर्डवरची बोटं उचलली. ढोलकीवाला तेवढा वाजवत राहिला, कारण थांबलो तर फुफी काय म्हणतील याची त्याला भीती होती. तांड्यातल्या बायका टाळ्या देत गात होत्या, फुफी मधोमध उभ्या होत्या, आणि आमचे मालक गजूभाऊ मंडपाच्या खांबाला टेकून माझ्याकडे एकटक बघत होते.

महागावजवळच्या एका बंजारा तांड्यात लग्नाच्या आदल्या दिवशीची ही रिहर्सल. गाणं काही केल्या जमत नव्हतं आणि सगळ्यांच्या मते गडबड माझ्या वाद्यात होती.

मी यवतमाळची. ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवते. हे एवढं सांगितलं की पुढे बराच वेळ समजावत बसावं लागतं, म्हणून इथेच उरकते. आमचं सगळं घराणं कचेरीतलं. मुलीनं वाद्य शिकायचंच तर बसून, मान खाली घालून वाजवता येईल असं शिकावं, म्हणून वडिलांनी मला लहानपणी हवाईयन गिटार लावून दिली. पुढे मी तेच वाद्य घेऊन लग्नाचे मंडप गाजवीन हे बिचाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पेडल स्टील ही त्याच गिटारची मोठी बहीण. नागपूरच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून सेकंडहँड घेतली. दिसायला टेबल. वर आडव्या तारा, खाली पॅडल. डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. पायानं पॅडल दाबलं किंवा गुडघ्यानं खालचा दांडा ढकलला की वाजत असलेली तार ताणली जाते किंवा सैल पडते. सूर रडतो, लाडात येतो, रुसतो. मंडपात मांडामांड चालली की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, पिको-फॉल करून देता काय?"

इंट्रो म्हणजे शब्द सुरू व्हायच्या आधी वाजतो तो वाद्यांचा तुकडा. माझी निम्मी नोकरी तीच. पहिल्या दोन-चार सुरांतच पब्लिकनं गाणं ओळखून शिट्टी मारली की आम्ही जिंकलो. पुढे गायक काय दिवे लावतो ते त्याचं तो बघेल. इंट्रो शिकायची माझी पद्धत साधी आहे. फोनवर गाणं हळू स्पीडनं लावायचं, तुकडा आधी तोंडानं गुणगुणायचा, मग कांडीवर आणायचा आणि शेवटी पायांत. जो तोंडात बसत नाही तो पायांत बसत नाही. इंट्रोचं दुसरं काम पब्लिकला दिसत नाही, पण तेच मोठं. गायकाला सूर द्यायचा. कुठून सुरुवात करायची आणि कधी, हे इंट्रो सांगतो.

इथे गंमत अशी की फुफींना हे दोन्ही कोणी सांगावं अशी गरजच वाटत नव्हती.

फुफी म्हणजे आत्या. जमनाबाई या नवरीच्या आत्या, म्हणजे राठोड सरांची थोरली बहीण, पण अख्खा तांडा त्यांना फुफीच म्हणतो. राठोड सर महागावला शाळेत शिकवतात. नवरी त्यांची मुलगी. तांड्यातल्या प्रत्येक लग्नात गोरबोलीतली, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतली गाणी फुफींनीच म्हणायची असा वर्षानुवर्षांचा रिवाज. मागे एका लग्नात डीजेवाल्यानं त्यांचं गाणं मधेच तोडून स्पीकर सुरू केला. फुफींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या एकाही लग्नात गायल्या नाहीत.

"मॅडम, बहिणीनं मला लहानाचं मोठं केलं," सर मला म्हणाले. "माझ्या पोरीच्या लग्नात ती स्टेजवर गायली पाहिजे. सगळ्यांच्या आधी. सुरुवातीला वाद्यं, मग तिचं गाणं, अगदी मोठ्या गायिकेसारखं. तिला मी कसंतरी तयार केलंय. आता पुन्हा फजिती झाली तर ती कायमची गप्प बसंल."

एवढं सरांचं. माझंही थोडं अडकलं होतं. माझं मशीन जड, गाडीत जागा खातं, आणि गजूभाऊंना लॅपटॉपचा नवा नाद लागला होता. इंट्रो लॅपटॉपवरून सोडायचा, गायकानं गायचं, झालं. निघताना ते मला म्हणाले होते, "मॅडम, हे लग्न पाहू. नाही जमलं तं पुढच्या सीझनपासून तुम्ही निवेदन करा. तुमचा आवाज गोड आहे." निवेदन म्हणजे माइक घेऊन शेरोशायरी करायची आणि वरपक्षाच्या मामांना टाळ्या मिळवून द्यायच्या. त्यापेक्षा मी पिको-फॉल पत्करला असता.

तांड्याच्या गाण्याला मुळात इंट्रो नसतोच. कोणीतरी सुरू करतं, बाकीच्या मिसळतात. रिकामी जागा सोडायची पद्धत नाही. राठोड सरांनी फोनवर पाठवलेल्या गाण्यातून मी ध्रुवपदाची ओळ उचलून छान इंट्रो बसवला होता. पण फुफींना तो वाद्य जुळवल्यासारखा वाटत होता.

"फुफी, हे संपलं की तुम्ही सुरू करा," मी म्हटलं. "मी हात वर करीन."

"मी का चौकात उभी हाओ, हात पाहून चालाले?" फुफी म्हणाल्या. "तुह्यं मशीन खाकरून राह्यलं तवापर्यंत मी कायले थांबू?"

बायका फिदीफिदी हसल्या. गजूभाऊ मात्र हसले नाहीत.

दुसरी अडचण त्याहून अवघड. फुफींचा सूर दर खेपेला वेगळा. शांत असल्या की खाली, गप्पा मारून आल्या की वर. आणि रंगात आल्या की तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसायचा. पांढरी, काळी म्हणजे पेटीच्या पट्ट्या. त्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात, मधे काहीच नसतं. फुफी बरोबर त्या नसलेल्या जागेत गात होत्या आणि अगदी ठाम गात होत्या. सतीश घामाघूम झाला. कीबोर्डमध्ये सूर किंचित वर-खाली करायची सोय असते, पण ती सापडेपर्यंत फुफींची दोन कडवी होऊन जायची. माझ्या गिटारला मात्र पट्ट्या नाहीत. कांडी केसभर सरकवली की कुठलाही सूर मिळतो. पण तो कुठे आहे ते मला आधी कळायला हवं ना! फुफी गायला लागल्यावर कळून काय उपयोग, तोवर इंट्रोची वेळ गेलेली.

चहाला सुटी झाली. मी गिटारपाशीच बसून होते. तेवढ्यात मंडपवाल्यानं चुलीकडे जायच्या वाटेवर कनात बांधलेली फुफींना दिसली.

"काहून रे! डोये फुटले काय तुह्ये? बाया सैपाकाले उडून जातीन काय?"

माझा हात रिकामा होता. माझ्यात एक वाईट खोड आहे, कोणी मोठ्यानं बोललं की मला ते वाजवून बघावंसं वाटतं. "काहून रे" खालून वर चढतं आणि शेवटी लटकतं. मी कांडी सरकवली, पहिलं पॅडल दाबलं. गिटार म्हणाली, "काहून रे?"

बायकांचा चहा सांडला. फुफी वळल्या. "बाई, तुह्यं मशीन मले चिडवून राह्यलं काय?"

मी पुन्हा वाजवलं, त्याच सुरात. आता राहवलं नाही म्हणून म्हणा किंवा मला गप्प करायला म्हणून, फुफींनी कमरेवर हात ठेवून गाणंच सुरू केलं. माझी कांडी अजून त्यांच्या शिवीच्या जागेवर होती. आणि गाणं बरोबर तिथेच लागलं. जराही इकडे-तिकडे नाही.

मी चहा सोडून त्यांच्या मागे लागले. दिवसभर तपासून पाहिलं. भाजीवाल्यावर चिडल्या, तोच सूर. सरांवर चिडल्या, तोच सूर. शांत असताना त्यांचा सूर गावभर हिंडायचा, चिडल्या की घरी येऊन बसायचा. आणि चिडल्यावर लगेच गायल्या तर गाणंही तिथूनच उठायचं.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला की उद्या स्टेजवर, गाण्याच्या ऐन आधी, फुफींना चिडवायचं कोणी?

राठोड सरांना सांगवेना. सतीशनं आधीच हात जोडले. ढोलकीवाला तर नजरेलाच नजर देईना. मग माझ्या मनात एक नाव आलं आणि दुसरं कुठलं नाव मग यायलाच तयार होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिसेप्शन. मंडप भरलेला, नवरा-नवरी खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलांवरची झाकणं निघायच्या बेतात. मी सतीशला म्हटलं, "तू हात कीबोर्डवर ठेव, आवाज शून्य. चेहरा मात्र वाजवत असल्यासारखा." मग मी गजूभाऊंना हळूच खूण केली.

"गजूभाऊ, जेवणं लागतायत. फुफी एकदा सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. तुम्ही मालक आहात. जरा सांगा ना त्यांना, आटोपतं घ्या म्हणून."

प्रोग्राम आटोपता घेणं हा गजूभाऊंचा जिव्हाळ्याचा विषय. ते लगबगीनं गेले. "आत्याबाई, दोनच मिनिटं हं. एक कडवं म्हना अन् सोडा. लोक जेवाचे थांबले आहेत."

मी डोळे मिटले आणि कांडी उचलली.

"काहून रे!" फुफींचा आवाज मंडपाच्या पार टोकाला गेला. "दोन मिनिटं? माह्या भावाच्या पोरीचं लगन हाय! तुह्या घरून धान्य आनलं काय जेवाले? ज्याले भूक लागली त्यानं जावं, मी कोनाचा हात धरून राह्यली काय?"

गजूभाऊ दोन पावलं मागे सरकले. मला सूर मिळाला. पांढरी पाचच्या पुढे, काळी चारच्या अलीकडे. मी कांडी तिथे टेकवली आणि इंट्रो सुरू केला.

आता इथे मी एक आगाऊपणा केला होता. फुफी माझ्या इंट्रोला थांबत नव्हत्या, कारण त्यात थांबून ऐकण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. म्हणून आदल्या रात्री मी इंट्रोची सुरुवातच बदलली. आधी ते "काहून रे", जसंच्या तसं, पॅडलसकट. मग तिथूनच वळून त्यांच्या गाण्याची ओळ.

फुफी थांबल्या. तोंड उघडलेलं तसंच राहिलं. इंट्रो पुढे गेला, ओळ संपली, शेवटचा सूर लटकत राहिला. आणि फुफी गायल्याच नाहीत.

मी हात वर केला. काही नाही. मंडपात चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला. राठोड सर पहिल्या रांगेत अर्धे उठले होते. गजूभाऊंची नजर लॅपटॉपच्या बॅगेकडे गेली. भर मंडपात या बाईची नक्कल केली मी. डीजेवाल्यानं नुसतं गाणं तोडलं होतं, मी तर त्यांचा पाणउतारा केला होता. आता त्या पदर सारखा करून घरी जातील, असं वाटून मला रडू यायला लागलं.

फुफी माइकजवळ आल्या. "हे तं माह्यं बोलनं हाय वं," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काल या मशीनले शिकवलं मी." मग माझ्याकडे वळल्या. "वाजव अजून एक डाव."

मंडप हसून कोसळला. मी पुन्हा वाजवलं. "काहून रे", मग ओळ, मग लटकता सूर. या वेळी फुफींनी तो सूर शेवटपर्यंत जाऊ दिला, श्वास घेतला आणि नेमकं तिथून गाणं उचललं. बायका मागून मिसळल्या. कांडी आणि आवाज एकाच जागी होते. मला इतका आनंद झाला की मी एक पॅडल चुकले. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. राठोड सर तोंडावर रुमाल धरून रडत होते. फुफींनी एक गाणं संपवून दुसरं धरलं, दुसऱ्यातून तिसरं. जेवायला कोणी उठलं नाही.

मंडप पांगल्यावर फुफींनी मला जवळ बोलावलं. "आव बाई, बेस," असं म्हणून शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या ताटात जिलेबी वाढली.

"त्या मानसाले माह्यावर तूच सोडलं नं?"

खोटं बोलायची माझी टाप नव्हती. "हो. तुम्ही चिडलात की सूर पक्का लागतो तुमचा."

फुफी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अवं, मंग मलेच सांगाचं नं! मले चिडाले कोनी लागते काय?" आणि माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून जिलेबीवाल्याला एक सणसणीत हाक मारली. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. सूर मात्र तोच होता.

परतताना माझं मशीन गाडीत सगळ्यात आधी चढलं आणि गजूभाऊंनी ते स्वतः चढवलं. बोरी अरब गावच्या एका पाहुण्यानं पुढच्या लग्नाची बोलणी तिथेच केली होती आणि "ते बोलणारं मशीन आणा" असं बजावलं होतं. लॅपटॉपचं नाव निघालं नाही. गजूभाऊ म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट सांगा. मी जाऊन बोललो तवाच नेमकं सगळं जमलं, हे कसं काय?"

"तुमचा पायगुण," मी म्हटलं. सतीश खिडकीबाहेर बघत बसला.

धडा म्हणाल तर एवढाच. इंट्रो बसवायच्या आधी गाणाऱ्याला जाऊन विचारावं, तुमचा सूर कुठे सापडेल म्हणून. तो बहुतेक वेळा सांगतो. मालकाला पाठवणं हा दुसरा मार्ग, आणि खरं सांगू का, त्यात मजा जास्त आहे.