कोळशाच्या खोलीतला देव

सत्तरच्या दशकात मी नागपूरला टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि बोर्डावर सतत लुकलुकणारे दिवे. मुंबई जोडायची, रायपूर जोडायचं, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या शिव्या ऐकायच्या, कुणाच्या वडिलांच्या मरणाची बातमी त्याच्या मुलापर्यंत पोचवायची, आणि लगेच पुढचा दिवा. ड्यूटी संपवून नंदनवनला घरी यावं तर तिथे सासू, नवरा, कॉलेजात जाणारी नणंद आणि माझी दोन मुलं. माझ्या कानांना सुट्टी नव्हती.

एका मे महिन्यात भर दुपारी केबल तुटली. सगळा बोर्ड विझला. मैत्रिणींनी हेडफोन काढून डबे उघडले. मी काढायला विसरले. ऑपरेटरला दोन शांततांमधला फरक कळतो. लाइन बंद पडली असली की कानात नुसती पोकळी असते. लाइन चालू असून समोरचा बोलत नसला, तरी तो आहे हे कळतं. त्या दुपारी सगळ्या लाइनी बंद होत्या आणि तरी मला स्वच्छ कळलं, कुणीतरी आहे. मी घाबरले नाही. उलट कित्येक वर्षांनी माझे खांदे सैल पडले. लोकांनी त्याला थकवा म्हणावं, उन्हाचा त्रास म्हणावं. मी त्याला देव म्हटलं आणि आजही म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन मी मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोलीत जायची. दार लावायची आणि पोत्यावर बसायची. पहिले काही महिने देव वगैरे कुणी आलं नाही. डोक्यात ग्राहकांचे आवाज, मुलाचा फाटलेला बूट, संध्याकाळची भाजी. मी बसून राहिले. हळूहळू ते आवाज येऊन जाऊ लागले, आणि मधे मधे मोकळी जागा सापडू लागली.

सासूबाईंना हे अजिबात खपलं नाही. त्या पहाटे उठून देवघरात तासभर पूजा करत, मोठ्यानं स्तोत्रं म्हणत, घंटा वाजवत. एक दिवस त्यांनी कोळशाच्या खोलीचं दार ढकललं.

"काय करून राहिली वं इथं?"

"देवाचं ऐकते, आई."

"कोळशात?"

"इथेच निवांत वाटतं."

"घरात देवघर नाही का? पोरं माझ्या गळ्यात टाकून डोळे मिटून बसायचं, याले काय भक्ती म्हणते?"

मुलांबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून धाकटीला सोबत घेऊन बसू लागले. ती माझ्या मांडीवर झोपून जायची. पण बसणं सोडलं नाही. शेजारणीनं मला बाहेरचं काही लागलंय म्हणून सांगितलं, तेव्हा सासूबाई मला एका जाणत्या बाबांकडे घेऊन गेल्या. बाबा म्हणाले, "गुरूशिवाय बाईमाणसानं असं बसू नये." मी म्हटलं, "गुरू भेटेल तेव्हा भेटेल, तोवर मी बसते." नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की तू बस, पण आईला दुखवू नकोस. दोन्ही एकदम जमणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

मग नणंदेला स्थळ आलं. कुही तालुक्यातलं, धानाची भरपूर शेती, मुलगा एकुलता एक. अट एकच, लग्न या उन्हाळ्यातच. नणंदेचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. ती जेवेना. सासूबाई माझ्याकडे आल्या. "तुझं ऐकते ती. तूच समजव."

मलाही स्थळ चांगलंच वाटत होतं. तिला काय सांगायचं ते मी बसमध्ये मनाशी जुळवून आले होते. त्या दुपारी खोलीत बसले आणि बराच वेळ काहीच नव्हतं. मग एक वाक्य आलं. आवाज नव्हता, पण शब्द स्पष्ट होते: तिला विचारलंस का? मी ते बाजूला सारलं. ते पुन्हा आलं. मला नको असलेलं वाक्य होतं, म्हणूनच माझी खात्री पटली की ते माझं नाही.

मी उठले. नणंद गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"तुला काय हवंय?"

"मले कोणी विचारलंच नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी लग्नाले नाही म्हणत नाही. परीक्षा देऊ द्या. मग करा कुठंही."

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं, की परीक्षा झाल्याशिवाय लग्न नको. मुलाकडच्यांना थांबायचं तर थांबू दे.

"तुले समजवाले सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"देवानं विचारायला सांगितलं, आई."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "चाळीस वर्षं पूजा करून राहिली मी. देव तुलेच काहून सांगते?"

"तुम्हालाही सांगत असेल. तुम्ही बोलायचं थांबाल तर ऐकू येईल."

नवऱ्यानं मला गप्प राहायची खूण केली. मी शब्द मागे घेतले नाहीत. आजही घेत नाही.

कुहीकडची मंडळी थांबली नाहीत. स्थळ मोडलं, आणि सगळा दोष माझ्यावर आला. मामेसासरे मुद्दाम येऊन बसले. "सुनेनं माफी मागावी," असं त्यांनी बैठकीत सर्वांदेखत सांगितलं. मी त्यांना चहा दिला, माफी मागितली नाही. सासूबाई वर्षभर माझ्याशी मुलांमार्फत बोलत होत्या. त्यांच्या मनातली अढी पुढे कमी झाली, गेली मात्र नाही. मरेपर्यंत त्या मला देवधर्म न पाळणारी सून समजत राहिल्या.

नणंद पास झाली आणि शाळेत विज्ञान शिकवू लागली. लग्न तिनं उशिरा केलं, स्वतःच्या पसंतीनं. संसार काही फार सुखाचा झाला नाही. मध्यंतरी ती दिवाळीला आली असताना मीच विचारलं, "तेव्हा कुहीला दिलं असतं तर बरं झालं असतं का?"

"कोणाले माहीत," ती म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही विचारलं होतं."

एवढं बोलून ती चकल्या तळायला बसली, आणि मी तिच्याशेजारी सोऱ्या फिरवत राहिले.