बाघनदीच्या पुढे गाडी आईची

बाबा गाडी चालवायला बसले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे. उंच माणूस, लांब तंगड्या. पुढची सीट पार मागे सरकवली तरी ते चुलीपुढे उकिडवे बसल्यासारखे दिसायचे. मला वाटायचं, अॅम्बेसेडर अशीच चालवतात. भिलईच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या बाकीच्या काकांचे गुडघे दिसत नाहीत, हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही. लहानपणी आपल्या बापाचं सगळं बरोबरच असतं.

बाबा स्टील प्लांटमध्ये होते. ही पांढरी गाडी त्यांनी एका बंगाली साहेबाकडून घेतली, साहेब रिटायर होऊन गावी परतले तेव्हा. तेव्हापासून 'ओरिजिनल' हा आमच्या घरातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द झाला. दिव्याची काच फुटली तर ते नागपूरच्या भंगार बाजारात हिंडून त्याच जातीची काच आणायचे, तोवर गाडी एका डोळ्यानं उभी. कुणी म्हणालं, एसी लावून घ्या, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली घ्या, आता सगळे घेतात, तर ते असे बघायचे की समोरचा चहा अर्धा टाकून उठायचा. मीही त्यांचीच पोर. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि वाद घालायला मला कारण लागत नाही. रायपूरला जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एका जाणकारानं विचारलं, "पूरी ओरिजिनल है?" बाबा छाती काढून म्हणाले, "एकदम." शेजारी उभी असलेली आई पदरात तोंड खुपसून हसत होती. मला वाटलं, लाजली.

आई गाडी चालवायची, हे मात्र सांगायला हवं. बाबांनीच तिला शिकवलं, लग्नानंतर लगेच, मरोद्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर. पण तेव्हा सेक्टरमध्ये गाडी चालवणारी बाई म्हणजे फुकटचा तमाशा. पोरं मागे धावायची. एका शेजाऱ्यानं बाबांना विचारलं, आता घरी स्वयंपाक तुम्ही करता का? बाबा हसून म्हणाले, करतो ना, या एकदा जेवायला. पण आईच्या ते मनाला लागलं. तिनं भिलईत स्टिअरिंगला हात लावणं सोडलं ते सोडलंच.

त्यावर बाबांनी तोड काढली. दर दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जायचो, याच गाडीनं. आई पांढरं लुगडं नेसून, मी पुढे दोघांच्या मध्ये. राजनांदगाव मागे पडायचं, मग बाघनदी यायची. तेव्हा तिथे मध्य प्रदेश संपायचा, आता छत्तीसगड संपतो. पूल ओलांडला की बाबा गाडी बाजूला घ्यायचे, उतरायचे, वळसा घालून आईच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, "चाल, सरक. इथून पुढं आपल्याले कोन ओळखते?" मग साकोलीपर्यंत गाडी आईची. ती पुढे वाकून, ओठ दाबून, ट्रकांना अजिबात न घाबरता चालवायची. बाबा खिडकीत कोपर टाकून झोपल्याचं सोंग करायचे. परत येतानाही तसंच, पूल आला की अदलाबदल. आमचा दसरा म्हणजे मला दीक्षाभूमीइतकाच तो रस्त्याचा तुकडा आठवतो.

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

पावसाळा सरता सरता आई एक दिवस भाजी निवडताना म्हणाली, "गाडीले ते पावर स्टिअरिंग लावून घेऊ."

मला आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. "कावून?"

"माया खांदा धरलाय. जड जाते मले. दसऱ्याले चालवाची आहे ना."

"आपण माझ्या गाडीनं जाऊ. तू आरामात बस."

"तुया गाडीत बसून मी काय करू? मले चालवाची आहे. आपली चालवाची आहे."

मी तिथेच भांडायला उभी राहिले. बाबांनी सगळं आयुष्य हिच्या एकेका स्क्रूसाठी काढलं, आणि ते जाऊन वर्ष नाही झालं तर तू मोटर बसवायला निघालीस? ते नसताना त्यांची म्हणून एवढी एकच वस्तू जशीच्या तशी उरली आहे, तीही कापायची? आवाज चढला माझा. रडूही येत होतं, म्हणून आणखीच चढला. आई मेथीची पानं खुडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "उभी ठेवाची असन त ठेव. मी अडवत नाही."

तिचं हे असं 'अडवत नाही' म्हणणं मला सहन होत नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मी ठरवलं, जड-बिड काही नसतं, सवयीचा प्रश्न आहे, आपणच चालवून दाखवू. ही गाडी मी तोवर चालवलीच नव्हती. बाबा देत नसत, "हिचे गिअर तुले नाही जमनार" म्हणत. रुआबांध्याच्या आमच्या घराच्या फाटकातच आईला शेजारी बसवलं, सीट मागे सरकवली आणि क्लचवर पाय ठेवला. गुडघा दाणकन स्टिअरिंगवर आपटला. दुसरा ठेवला, तोही. बाबांची उंची मी घेतली आहे, तंगड्यांसकट. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली तोवर दोन्ही गुडघे सोलवटले, आणि वळवताना दंडात गोळा आला तो वेगळाच.

"काय मूर्ख लोकांनी बनवली ही गाडी!" मी ओरडले. "लांब पायाच्या माणसानं बसायचं कसं?"

आई हसायला लागली. मेळाव्यात हसली होती तशीच, पदरात.

"बनवणाऱ्यानं नाही बनवली तशी," ती म्हणाली. "तुया बाबानं केली. खाली वाकून पाह्य."

मी वाकले. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर, तिन्हींवर तेच जुने रबर. पण रबराच्या आत, पट्टीवर, चार बोटं जाडीचे सागवानी ठोकळे बसवलेले होते. काळा रंग इतका बेमालूम दिलेला की पाहणाऱ्याला ते मुळातलेच वाटावेत. बाहेरून ओरखडा म्हणून नाही.

"मले सीट पुढं घेऊनही पाय पुरत नव्हते," आई म्हणाली. माझी आई मेळाव्यात गाडीच्या टपाआड दिसेनाशी होते, एवढीच आहे. "मी म्हटलं, जाऊ द्या, नाही जमत मले. त त्यायनं आमच्या जुन्या पलंगाचे पाय कापले. चार दिवस आम्ही खाली झोपलो."

"आणि नंतर काढले का नाहीत? तू तर भिलईत चालवणं सोडून दिलं होतंस."

"मी दरसाल म्हणो, काढून टाका, तुमचे गुडघे दुखतेत. ते म्हनत, राहू दे. पुढच्या दसऱ्याले लागन तुले."

मी गाडी तिथेच, गल्लीच्या टोकाला, बंद केली. इतकी वर्षं, रोजच्या बाजारापासून जवळच्या उतई गावातल्या लग्नांपर्यंत, हा माणूस गुडघे मुडपून बसला. वर्षातून एकदा बायकोला चालवता यावी म्हणून. आणि साऱ्या जगाला सांगत सुटला, एकदम ओरिजिनल. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गुडघे लय लागले का व माय?"

दुसऱ्याच दिवशी मी सुपेल्याच्या मेकॅनिककडे गाडी नेली. तो जपून बोलत होता, कारण बाबांकडून त्यानं पूर्वी ऐकून घेतलं होतं. "दीदी, ऊपर से कुछ पता नहीं चलेगा. अंकल को भी नहीं चलता."

"अंकलला सगळं पटलं असतं," मी म्हणाले. "तुम्ही लावा. फक्त पेडलना हात लावू नका. घट्ट आहेत का तेवढं बघा."

काढलेले सुटे भाग मी बाबांच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळून माळ्यावर ठेवले. फेकवणार नाहीतच ना ते मला. तेवढी मी अजून त्यांची पोर आहे.

आईनं सकाळी सकाळी सराव केला, मरोद्याच्याच रस्त्यावर. पहिल्यांदा स्टिअरिंग एका हातानं वळलं तेव्हा ती दचकली आणि मग तिनं उगाच तीन-चार वळणं घेतली, काही काम नसताना.

दसऱ्याला बाघनदीपर्यंत मी चालवली, गुडघे वर करून. पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली, उतरले, वळसा घालून तिच्या दाराशी गेले. म्हणायचं काय ते ठरवलं होतं, पण ते म्हणायची वेळच आली नाही. आई स्वतःच सरकली. सीट पुढे ओढली, पदर खोचला, आणि तिचे पाय न बघता त्या ठोकळ्यांवर जाऊन बसले. साकोलीला तिनं थांबवली नाही. थेट नागपूरपर्यंत तिनंच नेली. मी खिडकीत कोपर टाकून झोपल्याचं सोंग केलं, पण बाबांइतकं मला ते जमत नाही.

रात्री मावशीकडे राहिलो, सकाळी परत निघालो. आईच स्टिअरिंगवर. देवरी गेली, बाघनदीचा पूल दिसायला लागला, तशी मी पर्स सावरून बसले.

"आई, पूल आला. घे बाजूला."

"दिसते मले."

तिनं गाडी बाजूला घेतली नाही. पूल गेला. मग राजनांदगाव गेलं, दुर्गची गर्दी गेली, आणि भर दुपारी आमची अॅम्बेसेडर भिलईत शिरली. मी कडेनं बघत होते. तिचे ओठ दाबलेले होते, हनुवटी वर. आमच्या गल्लीत शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडीला हात केला आणि मग आत कोण आहे ते बघून तो हात तसाच हवेत राहिला.

आईनं फाटकातून गाडी आत घेतली, एका वळणात. बंद केली. काकूंकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "ओळखलं त ओळखलं."

मग उतरली आणि जय भीम करून काकूंशी नागपूरच्या गर्दीबद्दल बोलायला लागली. मी सामान काढलं. सीट पुढेच ओढलेली होती. घरी ती कायम बाबांसाठी मागे सरकवलेली असायची, म्हणून माझा हात तिकडे गेला, आणि मी तो काढून घेतला. आता ती सीट पुढेच असते.